ओट्याची कड

चिखली,
२४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

प्राजक्ता म्हणाली की तुझे वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधलेत, सहा आठवडे तुला बोलता येणार नाही. तुझा फोन त्याच दिवशी फुटला. माझा फोन दादा रोज उघडून बघतो. म्हणून हा कागद. प्राजक्ता तुमच्याच गल्लीतली, तळेगावहून लोकलने माझ्या कॉलेजला येते, ती तुझ्या हातात देईल. मधे वाचणार नाही म्हणालीय, पण तिचा स्वभाव बघता मी पाकीट फेविकॉलने चिकटवलंय.

तू कशी आहेस? खूप दुखतं का? आई तुझी चौकशी करते. दादा कामावर गेल्यावर करते.

इकडे माझं पासपोर्टचं पोलिस व्हेरिफिकेशन अजून व्हायचंय. जानेवारीत इंग्रजीची परीक्षा, मग जर्मनीचे अर्ज सुरू होतील. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, त्यात हे. सगळीकडे दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट मागतात आणि ती फाइल मला सापडत नाहीये. माझे सगळे कागद तूच लावून ठेवले होतेस. तेवढं कळवशील का?

त्या दिवशी जे झालं त्याचं मला खूप वाईट वाटतं. लवकर बरी हो.

तुझी
वर्षाली


तळेगाव दाभाडे,
२८ नोव्हेंबर

वर्षाली,

फाइल निळी आहे. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूखाली. त्या शालूला घरात कुणी हात लावत नाही म्हणून तिथे ठेवली. मूळ मार्कशीट पुढे, शाळा सोडल्याचा दाखला मागे. दाखल्यावर वडिलांचं नाव दौलतराव आहे आणि आधारवर नुसतं दौलत. ते आधी दुरुस्त कर, नाहीतर पुढे अडकशील.

दुखतं का विचारलंस. वरणाचं पाणी स्ट्रॉने पिते. उलटी झाली तर गुदमरेन, म्हणून तारा कापायला उशाशी पक्कड ठेवायला सांगितलीय. आई ती पक्कड रोज देवाच्या भांड्यांसारखी पुसते.

मलाही एक विचारायचं आहे. परवा मी काकांबरोबर चौकीत गेले होते. बोलता येत नाही म्हणून तक्रार लिहून नेली होती. हवालदारांनी दवाखान्यातला जुना जबाब काढला आणि मोठ्याने वाचला : ‘सदर महिला गच्चीच्या जिन्यावरून पाय घसरून पडली असे तिची नणंद समक्ष सांगते.’ मग मला म्हणाले, “ताई, घरातलीच शिकलेली मुलगी सांगते. आम्ही काय करायचं?”

हे तू सांगितलंस, का त्यांनी परस्पर लिहिलं? एवढंच कळव.

रुपाली


चिखली,
४ डिसेंबर

वहिनी,

फाइल मिळाली.

मीच सांगितलं.

तुला आत नेलं होतं. आम्ही तिघं बाहेर बाकावर. दादाने कूलरच्या नळावर हात धुतले, पण शर्ट तसाच होता. पप्पा म्हणाले, “घरावर पोलिस केस झाली की हिचा पासपोर्ट बोंबलला बघा. पोलिसच येत्यात चौकशीला. काय सांगायचं त्यांना?” दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू सांग. तुझं ऐकतील.” हवालदार आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. मी म्हटलं, जिना. मला जिना कुठून सुचला, माहीत नाही.

दसऱ्यापासून दादा माझ्या खर्चाच्या हमीपत्रावर सही करत नव्हता, तुला माहीतच आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या कँटीनमध्ये तो म्हणाला, “आण तुझा कागद. कुठं करायची सही?” त्याची बोटं सुजली होती, पेन नीट धरता येत नव्हतं.

तेव्हापासून तो माझ्याशी फार चांगला वागतो. मोठी बॅग आणली, थंडीचं जाकीट आणलं. परवा मिक्सरचं झाकण बसेना म्हणून त्याने भांडं भिंतीवर फेकलं. ते उडून आईच्या कपाळाला लागलं. तीन टाके. शेजारच्या शालनबाईंना आईने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. आमच्या घरात वस्तू फार लागतात माणसांना.

पासपोर्ट हातात आला की मी जबाब बदलेन. नक्की.

वर्षाली


तळेगाव दाभाडे,
९ डिसेंबर

वर्षाली,

खरं लिहिलंस. राग आला आणि बरंही वाटलं. कोणतं जास्त, ते अजून कळत नाही.

जबाबाचं राहू दे जरा. मला दुसरंच हवं आहे. ह्यांनी मागून केस धरले ते मला आठवतं. ओट्याची काळी कड डोळ्यांसमोर मोठी होत आली ते आठवतं. त्यानंतर एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं काही नाही. पण माझ्या डाव्या बरगड्यांवर दोन मोठे डाग आहेत, पाठीत एक आहे. आई अंघोळ घालताना विचारते, हे कशाने गं? मला सांगता येत नाही. ती समजते, मी लपवते.

तू दारात होतीस. मला सांग काय झालं. पोलिसांना नको, मला सांग. माझ्या अंगाचं काय झालं हे मला माहीत नाही आणि तुला माहीत आहे, हे मला सोसत नाही.

रुपाली


चिखली,
६ जानेवारी २०२५

वहिनी,

नवीन वर्ष तुला चांगलं जावो असं लिहिलं होतं, खोडलं.

पासपोर्ट आला. व्हेरिफिकेशनला एक पोलिस आले होते, चहासुद्धा घेतला नाही. शालनबाईंना दोन प्रश्न विचारले आणि निघाले. फाटकाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, घरातल्या दुसऱ्या कुणावर केस असेल तर काय होतं? ते गाडीला किक मारत म्हणाले, “पासपोर्ट तुमचा ना? तुमच्या नावावर काही असलं तर बघतो. भावाचं मला काय करायचंय?”

मी फाटक धरून बराच वेळ उभी होते. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, “आसंल. आपल्याला काय ठावं.” आणि पेपर वाचायला लागले.

तू विचारलंस ते लिहायला बसते. तीनदा बसले. अठराला परीक्षा आहे. ती झाली की लिहिते.

वर्षाली


तळेगाव दाभाडे,
१० जानेवारी

वर्षाली,

परीक्षा नीट दे. ऐकण्याच्या पेपरात तू घाई करतेस, ती करू नकोस.

तारा निघाल्या. तोंड दोन बोटं उघडतं. मऊ भात खाते.

मीही तुझ्यापासून एक लपवलं होतं. सगळे म्हणतात त्या दिवशी डब्यावरून झालं. तुझ्या आईलाही तेच वाटतं. डब्यावरून नव्हतं. मी त्यांना म्हटलं होतं, तिच्या कागदावर सही करा. नसेल करायची तर सांगा, माझ्या काकांची घेते. ते म्हणाले, “माझी बहीण सासुरवाडीच्या सहीवर जाणार?” मी म्हटलं, जाऊ दे की, विमानाला काय कळतंय कुणाची सही आहे. मला वाटलं, हसतील.

तुला ओझं वाटावं म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे थोडं त्यासाठीच सांगते.

रुपाली


चिखली,
२० जानेवारी

वहिनी,

परीक्षा झाली. आता सबब उरली नाही.

दादा निघोज्याहून पहिली शिफ्ट करून आला होता. पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. मी आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून ऐकण्याचा सराव करत होते. तुमचं भांडण मी ऐकलं नाही. आवाज आला तो ओट्याचा, भिंतीतून आला.

मी दारात आले तेव्हा त्याने तुला केसांनी उभं धरलं होतं. तुझा खालचा जबडा एका बाजूला गेला होता. माणसाचं तोंड असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. तुझे डोळे उघडे होते, माझ्या दिशेने. तू मला पाहिलंस असं मी इतके दिवस धरून चालले होते. तुला आठवत नाही म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकते.

मग त्याने दुसऱ्यांदा आपटलं. तेव्हा दात पडले. एक शेगडीखाली गेला. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तुझे हात खाली लोंबत होते, कणकेचा गोळा परातीत टाकल्यासारखा आवाज आला. मग त्याने सोडलं. तू कुशीवर पडलीस. त्याने लाथा मारल्या, चार. दोन बरगड्यांत, एक पाठीत. चौथी चुकली आणि ओट्याखालच्या सिलिंडरला लागली. त्याचा फार मोठा आवाज झाला, त्याला दचकून तो थांबला. तुझी दया येऊन नाही, मला बघूनही नाही.

मी काय करत होते हे तू विचारलं नाहीस. हेडफोन गळ्यात ओढून मी उभी होते. त्यातली बाई अजून बोलत होती, पुढचा प्रश्न ऐका म्हणत होती. मी ओरडले नाही. दारापासून तुझ्यापर्यंत चार पावलं आहेत.

त्याने मला पाहिलं, धापा टाकत होता. म्हणाला, “पाणी दे.” मी माठातून पाणी काढून त्याला दिलं. तुला ओलांडून जावं लागलं.

फरशी नंतर आईने पुसली. दात मी उचलला होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये टाकून आले.

वर्षाली


तळेगाव दाभाडे,
३ फेब्रुवारी

वर्षाली,

एकदा वाचलं. पुन्हा वाचणार नाही. आईला डागांचं सांगितलं. ती गरम पाण्याचं पातेलं घेऊन आली आणि पाठ शेकत बसली.

वकीलबाई म्हणतात, असं पत्र असेल तर चौकीत द्या, केस उभी राहते. मी त्यांना म्हटलं, असं पत्र नाही. ते तू मला लिहिलंस, चौकीला नाही. हे पत्र तिथे गेलं की तुझा दादा गणराज सही मागे घेणार. मग माझा जबडा कशासाठी गेला?

पण तू म्हणाली होतीस पासपोर्ट आला की. पासपोर्ट आला.

रुपाली


चिखली,
३० जुलै

वहिनी,

किती महिने लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, बरोबरच होतं ते.

जर्मनीतल्या केम्निट्झच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. ऑक्टोबरात वर्ग सुरू होतील. ९ सप्टेंबरला मुंबईत व्हिसाची मुलाखत आहे, तिथे हमीपत्र आणि दादाच्या पगाराचे मूळ कागद दाखवायचे. तेवढी मुलाखत झाली आणि व्हिसा हातात पडला की मी स्वतः चौकीत जाईन. या वेळी खरंच.

दादा हल्ली शांत आहे. सारखा तुझा विषय काढतो. पप्पा आणि तो तुमच्याकडे बैठकीला यायचं म्हणतात. आई म्हणते, यंदा गौरी बसायच्या आत सून घरात हवी. तो बदलला असेल का गं? मला कळत नाही. मी त्याच्याकडून जाकीट घेतलंय, माझ्या मताला काय किंमत.

वर्षाली


तळेगाव दाभाडे,
१२ ऑगस्ट

वर्षाली,

बैठक झाली. तुझे पप्पा, गणराज, तुमच्याकडचे दोघं पाहुणे. आमच्याकडून साहेबराव काका. वडील गेल्यापासून तेच बघतात सगळं.

मी बोलले. माझे शब्द अजून जाड येतात, ‘प’ आणि ‘म’ नीट फुटत नाहीत. मी म्हटलं, ह्याने मला मारलं. तुमचे पाहुणे म्हणाले, डोक्याला मार होता, पोरीला नीट आठवत नसेल. मग तुझा जबाब निघाला. तुझ्या पप्पांनी त्याची झेरॉक्स आणली होती, घडी घालून, प्लास्टिकच्या पाकिटात.

काका दोनदा वाचून म्हणाले, “त्येची भनच सांगती जिन्यावरनं पडली म्हून. तिला काय गरज खोटं बोलायची? शिकल्याली हाय. आता आमी काय बोलावं?” गणराज मान खाली घालून बसला होता. सगळ्यांना तो पश्चात्ताप वाटला. मी त्याची बोटं बघत होते. तो खुर्चीच्या दांडीवरचं प्लास्टिक नखाने सोलत होता.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, मांडीवर. मी काढलं नाही. काढलं असतं तर तुझा नऊ सप्टेंबर गेला असता.

तीस तारखेला मला न्यायला येणार आहेत. ठरलं. आईने काकांचे पाय धरले, तर काका म्हणाले, “सणासुदीला रडू नगा वैनी. काय झालं तर मी हाय की.” ते तळेगावात आहेत. ओटा चिखलीत आहे.

ऑक्टोबरात तू जाशील. मग त्या दारात उभं राहणारंही कुणी नसेल. तू काही केलं नव्हतंस, पण पाहिलं तरी होतंस.

रुपाली


तळेगाव दाभाडे,
४ सप्टेंबर

वर्षाली,

प्राजक्ता म्हणते तुझा डावा डोळा अजून उघडत नाही आणि तू वाचू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिला वाचून दाखवायला सांगितलंय. या वेळी पाकीट उघडंच ठेवते.

तू तीस तारखेला त्यांच्या मागून दारातून आत आलीस तेव्हा मला वाटलं, तूही न्यायलाच आलीस. काकूंनी ओटीचे तांदूळ काढले होते. मी साडी नेसून, बॅग भरून बसले होते. तुझ्याकडे बघायचंही नाही असं ठरवलं होतं.

तू बसली नाहीस. म्हणालीस, “जिना नव्हता. ओटा होता. तीन वेळा.” तुझे पप्पा म्हणाले, “वर्षे, गाडीत जाऊन बस.” तू म्हणालीस, “मग चार लाथा. एक सिलिंडरला लागली.” तुझा आवाज अगदी बारीक होता, शाळेत पाढे म्हणतात तसा.

गणराजने ट्रेमधला पाण्याचा तांब्या उचलला. पहिला घाव तुझ्या डोळ्यावर बसला. तू भिंतीला टेकलीस तरी बोलत होतीस, “मी खोटं सांगितलं,” हे वाक्य मी ऐकलं. दुसरा गालावर. तिसऱ्याला मी त्याच्या हाताला लटकले होते. त्याने मला झटकलं, माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, पण मी शुद्धीवर राहिले. या वेळी मला सगळं आठवतं. तुझ्या रक्ताचे शिंतोडे ओटीच्या तांदळात पडले. काकांनी मागून त्याच्या गळ्यात हात घातला. म्हणाले, “हात खाली. माझ्या उंबऱ्यात न्हाई.” तरी तो पाय मारत होता. त्याला धरायला चार माणसं लागली, त्यातले दोघं तुमचेच पाहुणे.

त्या खोलीत अकरा माणसं होती. पोलिस आले तेव्हा सगळी गप्प बसली, जुन्या सवयीने. मग काकाच पुढे झाले. आमचं घर बैठं आहे, वर्षाली. इथे कुणाला जिना सापडणार नव्हता.

मी जात नाही. बॅग रिकामी केली.

नऊ तारखेचं मला विचारायचं धाडस होत नाही.

रुपाली


निगडी,
१५ सप्टेंबर

वहिनी,

मुलींच्या वसतिगृहात एका मैत्रिणीच्या खोलीवर आहे. हे मी स्वतः लिहितेय, ओळी वाकड्या जातील. गालाचं हाड जुळेल म्हणतात. डोळ्यासमोर अजून धूर आहे, तो जाईल की नाही हे महिन्याभराने कळेल.

पप्पा येऊन गेले. खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, गणराजने कोठडीतूनच निरोप पाठवलाय, सही मागे घेतली. मग म्हणाले, “तुझं तूच करून घेतलंस.” जाताना केळी ठेवून गेले. आईचा फोन नाही. तिच्याजवळ आता घरात कोण आहे, तर पप्पाच. गौरी बसवल्या नाहीत म्हणे.

नऊ तारखेला मी मुंबईला गेले नाही. विद्यापीठाला मेल केली. त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं की यंदाची जागा राखून ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा. करीन की नाही, आज सांगत नाही.

काल चौकीतून दोघे आले होते, एक बाई होत्या. नव्याने जबाब घेतला. ओटा, केस, तीन वेळा, लाथा, दात, पाणी. पाणी दिलेलं मी सांगितलं तेव्हा बाईंनी मान वर केली, पण लिहिलं. सहा पानं झाली. शेवटी त्या म्हणाल्या, “मॅडम, एक राहिलं. पहिल्या जबाबात खोटं का सांगितलं, ते लिहावं लागतं. काय लिहू? घाबरून?”

घाबरून म्हटलं असतं तर चाललं असतं. त्या पेन टेकवूनच बसल्या होत्या. दादाने धमकी दिली म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या दिवशी बाकावर मी घाबरले नव्हते, वहिनी. तुला आत नेलं होतं, आणि मी मनातल्या मनात पासपोर्टच्या तारखा जुळवत होते.

मी त्यांना सांगितलं ते त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं : ‘मला उच्च शिक्षणासाठी परदेशी जायचे असल्याने मी खोटे सांगितले.’ म्हणाल्या, वाचून सही करा. बाकीची पानं मी वाचली नाहीत. तेवढी एक ओळ, बरा डोळा कागदाजवळ नेऊन, दोनदा वाचली. मग त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

वर्षाली